अर्ध्या सापाचं नाव

ग्रेसी, तू गेल्याला महिना झाला त्या दिवशीच्या मिस्सेला, तुझ्यासाठीच्या प्रार्थनेला, मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो, दाराजवळ, लवकर निसटता यावं म्हणून. पण तुझ्या भावाने मला गाठलंच. मिस्सा संपल्यावर इनासने हाताला धरून मला पाहुण्यांत नेलं आणि सगळ्यांना सांगायला लागला, "हे आमच्या ग्रेसीचे सर. विरारला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. सापांचं सगळं शास्त्र तिला यांनीच शिकवलं." एक म्हातारी मावशी माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "देव तुमचं भलं करो बाबा, पोरीला शेवटपर्यंत कामाला लावलंत." धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी तुला काय शिकवलं ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. चहा कसाबसा घेतला, हातातला केक तसाच रुमालात गुंडाळला आणि आगाशीहून मिळेल ती बस धरून घरी आलो.

तू मला कधी सर म्हणाली नाहीस. पहिल्या भेटीपासून मास्तर, आणि तेही अरे-तुरे करून. मला गावोगावी सापांच्या ओळखीचे फलक लावायचे होते आणि चित्रं काढणारं कुणी मिळत नव्हतं. कुणीतरी तुझं नाव सांगितलं: मुंबईत औषध कंपन्यांसाठी हृदयं, फुप्फुसं, किडन्या काढून कंटाळलेली आणि आता आगाशीजवळच्या आपल्या वाडीत परतलेली बाई. मी आलो तेव्हा तू मागच्या पडवीत टेबलाशी बसली होतीस, मागे केळीची बाग, पायाशी झोपलेलं कुत्रं. मी सापांची अडचण लांबण लावून सांगितली. लोक दिसेल तो साप मारतात, बिनविषारी जास्त मरतात, साप गेले की शेतात उंदीर वाढतात, वगैरे. तू मान वर न करता ऐकलंस आणि म्हणालीस, "किडनीला कोणी काठीने मारत नाही. सापाचंच काढते."

तिथून आपली पद्धत ठरली. तू शाईच्या बारीक ठिपक्यांनी साप उभा करायचीस. मी भिंग घेऊन पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजायचो. सगळं पटलं की चित्राखाली माझ्या हाताने नाव लिहायचो, आधी मराठी, खाली शास्त्रीय. नाव पडेपर्यंत चित्र पुरं झालं असं तू मानायची नाहीस. "चित्र मी काढणार, बाप्तिस्मा तू करायचास," असं म्हणून पेन माझ्याकडे सरकवायचीस, आणि मी लिहीपर्यंत हात जोडून, डोळे मिटून, फादरसमोर उभं राहावं तशी उभी राहायचीस. तुझी आई आतून ओरडायची, "गो बाय, देवाची मस्करी नको!"

मी छळलं तुला. एका धामणीचं चित्र पाठीवर खवल्यांची ओळ जास्त आहे म्हणून परत पाठवलं होतं. "सापाला विचारलंस का?" असं फोनवर म्हणालीस आणि आठवडाभर बोलली नाहीस. पण नवीन चित्र पाठवलंस, आणि ते इतकं नेटकं होतं की भिंग हातात घेतानाच मी ओशाळलो. तूही काही संत नव्हतीस. घोणशीच्या डोळ्यातली बाहुली तू गोल काढलीस, ती उभी असते असं मी म्हटल्यावर उभी केलीस, पण त्या घोणशीच्या चेहऱ्यावर माझ्यासारखा भाव आणलास. शपथेवर सांगतो, आणलास. माझ्या बायकोने चित्र पाहून विचारलं होतं, हा असा का बघतोय तुमच्यासारखा?

पहिला फलक पूर्वेकडच्या एका गावात लागला. त्यावर साप अगदी माझ्या मनासारखे होते: डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खे, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी. उद्घाटनाला मी भाषणही ठोकलं. आणि पुढच्याच पावसाळ्यात त्याच फलकाखाली लोकांनी एक धामण ठेचून मारली. मी गेलो तेव्हा ती अजून पडली होती आणि तिच्या डोक्यावर, दोन हातांवर, तिचंच चित्र होतं. मी तिथल्या एका म्हाताऱ्याला जरा रागानेच विचारलं, की बाबा, समोर चित्र असून मारलीत कशी? त्याने चित्राकडे पाहिलं, धामणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चित्रातला सरल व्हता. ह्यो वाकडा व्हता."

हे मी तुला हसवायला म्हणून सांगितलं. तू हसली नाहीस. कप खाली ठेवलास आणि विचारलंस, "मास्तर, साप अख्खा दिसतो कोणाला?"

मी म्हटलं, मला दिसतो. "तुला बरणीत दिसतो," तू म्हणालीस. "लोकांना शेपूट दिसतं. केळीच्या पाचोळ्यात वीतभर पाठ दिसते. मोरीत बादलीमागे काहीतरी हललेलं दिसतं. तेवढ्यावर माणूस काठी उचलतो. मी तेवढंच काढणार."

आणि काढायला लागलीस. पाचोळ्याखालून निघालेली धामणीची पाठ. लाद्यांच्या चळतीतून लोंबणारं शेपूट. विहिरीच्या काठावर पाणदिवडीचं नुसतं डोकं. मोजपट्टी नाहीच, तिच्या जागी चप्पल, बादली, नारळाची करवंटी. मी वैतागलो. शास्त्रीय चित्रात चप्पल? "मोजपट्टी कोणाच्या मोरीत असते?" हे तुझं उत्तर. मग आपलं खरं भांडण झालं, पडवीत, कुत्रं उठून निघून जाईल इतक्या मोठ्याने. मी म्हणत होतो की अर्ध्या सापावरून लोक चुकीची ओळख लावतील, विषारी सापाला बिनविषारी समजून हात घालतील आणि कुणाचा तरी जीव जाईल. तो काही मी ओढून आणलेला मुद्दा नव्हता, ग्रेसी, आजही नाही. तू म्हणत होतीस, "मला त्यांनी नाव ओळखायला नकोच आहे. त्यांचा हात थांबायला हवाय. हे असं दिसलं की लांब उभं राहायचं आणि माहितगाराला बोलवायचं, बस्स. नाव तुझ्यासारख्यांनी सांगावं." मी म्हटलं, नाव नसलेलं ज्ञान म्हणजे नुसती चित्रकला. तू म्हणालीस, नुसती चित्रकला? आणि पेनाचं टोपण लावलंस. तो "नुसती" शब्द मला परत घ्यायचा होता. घेतला नाही.

त्यानंतर माझ्या घरी जे झालं ते तुला माहीत आहे. तरी मी ते तुला कधी तोंडाने सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो.

विरारला आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी कॉलेजातून आलो, दाराबाहेर चपलांच्या रॅकशी वाकलो, आणि खालच्या फळीतून माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर एक शेपूट सरकलं. मागे थोडी पाठ, पाठीवर आडवे पट्टे. मी किंचाळलो. आधी नुसता किंचाळलो आणि मग शब्द आला: "मण्यार! मण्यार आहे!" शेजारची दारं उघडली. वॉचमन जिन्यावरून धावत आला. "साब, जहरीला है क्या?" त्याने मला विचारलं. मलाच विचारलं, कारण इमारतीत सापांचे सर म्हणून माझंच नाव. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो, बूट हातात, आणि म्हणालो, हो. त्याने दांडक्याचे दोन घाव घातले.

तो शांत झाल्यावर मी खाली उतरलो. पट्टे मानेकडे ठळक, मागे मागे पुसट होत गेलेले, आणि शेवटी नुसतं तपकिरी शेपूट. मण्यारचं उलट असतं, त्याचे पांढरे पट्टे शेपटीकडेच स्पष्ट असतात. हे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढून शिकवतो. तो कवड्या होता. घरातल्या पाली खाऊन जगणारा, गरीब, बिनविषारी कवड्या. वॉचमनचं काय चुकलं? त्याने विचारलं होतं. मी नाव सांगितलं होतं.

आणि मी काय केलं? शेजाऱ्यांना खरं सांगितलं नाही. ते माझी पाठ थोपटत होते, सर होते म्हणून वाचलो म्हणत होते, आणि मी थोपटून घेतलं. मग तुला फोन केला, कारण काही झालं की तुलाच करायची सवय. फोनवरही खोटंच बोललो. म्हटलं, मण्यार मिळालाय, मेलेला, चित्राला उपयोगी पडेल. मला वाटलं, तू लगेच येणार नाहीस, तोवर मी त्याला कॉलेजच्या बरणीत टाकेन.

तू सकाळी पहिल्या बसने आलीस. मण्यार कधीचा हवा होता तुला. पिशवीत कागद, शाई, डब्यात माझ्या बायकोसाठी बोंबलाची चटणी. गॅलरीत वर्तमानपत्रावर तो ठेवला होता. तू गुडघ्यावर बसलीस, शेपटाकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी आत जाऊन चहाचं पाहतो म्हणालो. परत आलो तेव्हा तू बाहेर, दाराशी बसली होतीस, फरशीवर, आणि चपलांचा रॅक काढत होतीस. खालच्या फळीतून बाहेर आलेलं शेपूट, वीतभर पाठ, पट्टे विरत जाणारे. शेजारी माझी चप्पल, तिचा तुटका अंगठासुद्धा. जिथे दांडकं बसलं होतं तो भाग फळीच्या आड घातलास. मेलेल्या सापावरून काढलेलं ते चित्र जिवंत होतं.

पुरं झाल्यावर तू पेन माझ्याकडे सरकवलंस. हात जोडले नाहीस, डोळे मिटले नाहीस. मी पेन हातात धरलं आणि म्हटलं, खवले मोजून मग लिहितो. तू फक्त "बरं" म्हणालीस आणि पेन परत पिशवीत टाकलंस. ग्रेसी, तू मला ओरडायला हवं होतंस. आयुष्यभर क्षुल्लक गोष्टींवरून माझी सालटी काढलीस, आणि त्या दिवशी चहा पिऊन, चटणीचा डबा रिकामा करून घेऊन, गुपचूप बसने निघून गेलीस. कुणाला सांगितलंही नाहीस. इनासला आजही वाटतं की मी तुला शिकवलं.

मग मी आगाशीला येणं टाळायला लागलो. परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, पाठ दुखतेय. तू चित्रं काढत राहिलीस आणि फोनवर सांगत राहिलीस की आज फुरशाचं झालं, आज हरणटोळ केला. मी छान छान म्हणत राहिलो. तुझं दुखणं कळलं तेव्हा हॉस्पिटलात आलो. तू वाळून गेली होतीस. सलाईनची नळी बोटाने उचलून म्हणालीस, "बघ मास्तर, हरणटोळ. अख्खा." मी हसलो, खिडकीबाहेर पाहिलं, डॉक्टरांबद्दल काहीतरी विचारलं. कवड्या हा एक शब्द होता. तो माझ्या तोंडून निघाला असता तर तू डोळे मिटून हात जोडले असतेस, मला खात्री आहे. मी तुला मोसंबी सोलून दिली आणि भेटायची वेळ संपली म्हणून निघालो. वेळ संपली नव्हती.

मिस्सेच्या दुसऱ्या दिवशी इनासने तुझी चित्रं आणून दिली. सगळे अर्धे साप. ते चांदीप गावात लावायचे असं तूच ठरवून ठेवलं होतंस. तिथल्या भारतीताईंनी आपल्या शेताच्या कुंपणाला फलक लावायची परवानगी दिली होती. मी रात्रपाळी केल्यासारखा सुट्टीभर बसून नावं लिहिली. प्रत्येक चित्राखाली तुझी ओळ छापली: असं दिसलं तर लांब उभे राहा, मारू नका, फोन करा. चपलांच्या रॅकचं चित्र हातात आलं की बाजूला ठेवायचो. शेवटी ते तसंच, बिननावाचं छापायला दिलं. मनाची समजूत घातली की तुला नावं नकोच होती, तेव्हा एक तरी चित्र तुझ्या म्हणण्याप्रमाणे जाऊ दे. बघ, लाज झाकायला तुझाच मुद्दा वापरला.

फलकाखाली माझा नंबर होता. परवा दिवेलागणीला फोन वाजला. भारतीताई.

"सर, आमच्या मोरीत शेपूट हाय. बादलीच्या मागं. चपलांच्या चित्रात हाय ना, तसंच."

मारलं नाही ना, मी विचारलं.

"नाय वो. सासूबाईंनी दांडा घेतला व्हता, मी म्हटलं ठेवा, चित्रात लांब उभं ऱ्हावा लिवलंय. तर उभ्या हाव बाहेर. फोटो पाठवलाय."

फोटोत बादली होती आणि अंधार होता. मी विचारलं, शेपटीकडे पट्टे आहेत का? "वर हायेत. शेवटाला नाय. चित्रात तरी कुटं हायेत?" मी सांगितलं, आहात तिथेच थांबा, जवळ जाऊ नका, मीही चुकू शकतो. तुमच्या जवळ राहणाऱ्या सर्पमित्राला पाठवतो.

"पाठवा. पन सर, बाकी सगल्यांच्या खाली नाव हाय, याच्याच खाली नाय. कोनता साप ह्यो?"

तिला नाव हवं होतं, ग्रेसी! हात तुझ्या चित्राने थांबवला, आणि थांबल्यावर तिने नाव विचारलंच. एवढं सांगायला मी आगाशीची बस धरली असती, पडवीत येऊन तुझ्या टेबलावर हात आपटला असता, आणि तू म्हणाली असतीस, बरं बरं, निम्मं तुझं. कोणाशी भांडू आता? मी फोनवर म्हणालो, "कवड्या." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "काय?" तिने विचारलं, आणि मला तो पुन्हा, नीट, म्हणावा लागला.

सर्पमित्र पोहोचेपर्यंत तो मोरीच्या भोकातून निघून गेला होता. दोघी सासवासुना बाहेरून बघत राहिल्या. अख्खा दिसला का, मी विचारलं. "अख्खा कुटं दिसतो?" भारतीताई म्हणाल्या.

आज सकाळी मी काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन चांदीपला गेलो. इनासने तुझे ब्रश मला दिले आहेत, पण ते नेले नाहीत. ऑइलपेंटमध्ये बुडवले असते तर तू थडग्यातून उठून आली असतीस. दुकानातला साधा ब्रश घेतला. भारतीताईंनी घरातून स्टूल आणलं आणि धरून उभ्या राहिल्या. मी वर चढलो. समोर माझीच चप्पल, तुटक्या अंगठ्यासकट, आणि तिच्याजवळून जाणारं ते शेपूट.

"सर," खालून भारतीताईंनी विचारलं, "ह्यो तुमच्या घरी निघला तर तुमी काय करनार?"

"निघाला होता," मी म्हणालो. "मारला. मीच मण्यार म्हणून ओरडलो आणि मारायला लावला. हा तोच आहे."

स्टूल हललं नाही, तिने ते घट्ट धरून ठेवलं होतं. मी ब्रश डब्यात बुडवला.

"मंग आता नीट लिवा," ती म्हणाली.

मी डोळे पुसले, ग्रेसी, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कवड्या.